अळणवाडीचं मीठ

पाहुणे, त्या मधवाल्यावर रागावू नका. चाखायला थेंबभर मध मागितलात आणि तो नाही म्हणाला, ही या बाजाराची रीत आहे. सौदा होईपर्यंत इथं विकणारा गिऱ्हाइकाला फुकट काही देत नाही. तहान लागली असेल तर चौकातला माठ गावाचा आहे, तिथं प्या. बसा, सांगतो.

फार पूर्वी आमची माणसं रानातला हिरडा गोळा करायची आणि खालून कोकणातले व्यापारी धान्य देऊन तो न्यायचे. त्यांत गणशेट नावाचा एक होता. बाकीचे आल्या आल्या घासाघीस करायचे. हा आधी प्रत्येक दारात ओंजळभर मीठ ठेवायचा. मोबदला विचारला की हसायचा, "मिठाचा कसला मोबदला?"

पुढं तो म्हाताऱ्यांना घोंगड्या आणू लागला, पोरींना बांगड्या. आणि पाटीभर हिरड्यामागं तो देत असलेलं धान्य दर साली थोडं थोडं कमी होत गेलं. दुसरे दुप्पट द्यायला तयार होते, पण त्यांच्याकडं जायला कुणाचं पाऊल उचलेना. शेवटी ते घाट चढायचे बंद झाले.

गावात बयजा नावाची विधवा होती. तिच्या लेकीला साप चावला, तेव्हा गणशेटनं आपल्या घोड्यावर घालून पोरीला खाली वैद्याकडं नेलं, असं सांगतात. पोर वाचली. दुसऱ्या साली शेट बयजाच्या ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "देवराईतली झाडं मला हवीत. गाव तुझं ऐकतं. बघ, माझी काही बळजबरी नाही."

त्या देवराईत गावाचा एकुलता एक झरा, झाडं गेली की तोही आटणार. पण बयजाच्या तोंडून "बरं" निघून गेलं.

मग तिला झोप लागेना. नाही म्हणायचं ठरवावं, तर अंगणात पोर खेळताना दिसायची आणि ठरवलेलं मोडून जायचं. अखेर ती गावाला म्हणाली, "त्याचं मीठ खातेय, तोवर माझ्यानं त्याला 'नाही' म्हणवणार नाही." त्या दिवसापासून ती अळणी जेवू लागली. आधी लोक हसले. मग एकेक चूल तिच्यामागं गेली. उन्हाळा होता. कामावर माणसांच्या पायांत गोळे यायचे, पोरं भाकरी टाकून रडायची. चार महिने गावानं काढले म्हणे.

गणशेट कुऱ्हाडवाले घेऊन आला. नेहमीसारखं दारात मीठ ठेवू लागला, तर बयजानं हात आडवा धरला.

"लेकीचा जीव वाचवला, ते विसरलीस?"

"नाही, शेट. मरेपर्यंत विसरायची नाही. तुमच्या घरी दुखणं आलं तर उठून खाली येईन. पण देवराई माझी एकटीची नाही. माझ्या पोरीपायी साऱ्या गावाचं पाणी कसं देऊ?"

शेटनं ओंजळीतलं मीठ परत गोणीत टाकलं आणि तो माणसं घेऊन उतरून गेला.

तीन सालांनी खाली पटकीची साथ आली. गणशेट आजारी पडला आणि घरचे त्याला सोडून पळाले. हे कळताच बयजा घाट उतरली. अकरा दिवस तिनं त्याला पेज पाजली, त्याची घाण काढली. तो उठून बसला तेव्हा त्यानं मिठाची गोणी पुढं सरकवली. "ने, बयजा."

ती म्हणाली, "भाव सांगा."

असं सांगतात की शेट त्यावर रडला. मग त्यानं भाव सांगितला, रास्त सांगितला, आणि गावाकडून तेवढा हिरडा आणवून, मोजून देऊन तिनं गोणी घरी आणली.

आजही चैत्रातल्या अवसेला आमच्या चुलींवर मीठ पडत नाही. नव्या सुनांना पहिल्या वर्षी घास उतरत नाही. सासवा जवळ बसतात, पाणी देतात, आणि सावकाश जेव म्हणतात.