ओसाड तळ्याचा ठेका

चिंचखेडच्या तळ्यात औषधालाही मासा उरलेला नाही, असं आप्पासाहेबांनी ग्रामसभेत छातीठोकपणे सांगितलं. "असलं ओसाड तळं मला नाममात्र भाड्यानं द्या. मात्र पाच वर्षं तिथं दुसऱ्या कुणी गळ टाकायचा नाही."

गळावरच पोट असलेला भोईवाडा धास्तावला. पण हौसा भोईणीला वेगळीच शंका छळत होती. ओसाड तळ्यासाठी हा माणूस एवढा जीव का टाकतोय?

ती उभी राहिली. "आप्पासाहेब खोटं कशाला बोलतील? देऊन टाका त्यांना तळं."

भोईवाडा तिच्यावरच उखडला. आप्पासाहेब मिशीतल्या मिशीत हसले.

"फक्त ठेका सुरू होण्याआधी आठवडाभर आम्हाला जाळी टाकू द्या," हौसा म्हणाली. "मासाच नाही, तर तुमचं काय जातंय?"

"अगं ए बये!" आप्पासाहेब ताडकन उठले. "आठवड्यात सगळं तळं उपसून न्याल की! मग मला काय उरणार?"

"पाणी उरेल की, आप्पासाहेब! तुम्ही तेवढंच तर मागत होता."

सभा खो खो हसली. सरपंचांनी ठराव तिथल्या तिथं फेटाळला, आणि त्याच संध्याकाळी भोईवाड्याचे गळ पुन्हा पाण्यात पडले.