हाराखालचा ट्रक

तोफा ओढून थकलेला एक लष्करी ट्रक लिलावातून गावात आला, त्याची ही गोष्ट. मालक त्याला दर दसऱ्याला धुई, झेंडूचा हार घाली. बॉनेट मात्र कधीच उघडत नसे.

"मान मिळतोय, आणखी काय हवं?" शेजारची म्हातारी जीप म्हणे.

"आजी, हारानं गंज थांबत नाही," हत्यारांच्या पेटीतला नट आवळायचा पाना फणकारला. "ट्रकदादा, या दसऱ्याला चालू झाला नाहीत, तर मालक भंगारात देणार आहे."

ट्रक हादरला. "मग उघड मला."

पान्याने काळं तेल काढलं, नवं भरलं, नट आवळले.

"आमच्या वेळी असली थेरं नव्हती!" जीप कुरकुरली.

दसऱ्याला मालकाने किल्ली फिरवली. ट्रक खोकला, धूर ओकला आणि गळून पडलेला हार तुडवत रस्त्याला लागला.

जीप हळूच म्हणाली, "पान्या, आता माझंही बॉनेट उघडतोस का?"