गहाण पडलेली हाक

एका राज्यात सुबत्ता अशी माजली होती, की दारात जुने मडके दिसले तरी लोकांना लाज वाटे. बाजारात मायाकर नावाचा जादूगार बसे. मागाल ते तो देई, रेशमी पडदे, चांदीचे पाळणे, नाचते दिवे; बदल्यात माणसाची हाक गहाण ठेवून घेई. मग जवळचे बोलणे जमे, पण लांबच्याला हाक मारायला जावे तर गळ्यातून नुसता वारा निघे. दर दहावी हाक राजाच्या वाट्याची. त्यामुळे विश्वंभर राजाचा आवाज एवढा दणदणीत झाला, की दवंडीवाल्याला कामच उरले नाही. वर पाडव्याला सर्वांत जास्त खरेदी करणाऱ्याला राजा स्वतः भरजरी पागोटे बांधी. मग अंथरूण पाहून पाय कोण पसरणार?

एके दिवशी धाकटा राजपुत्र सुकेतू भुलीच्या रानात शिरला. आईची हाक ऐकल्यावाचून त्या रानातून कोणी परतत नसे. राणी हेमलेखा रानाच्या कडेला धावली. तिने तोंड उघडले, आवाज नाही.

"राणी, तुमचीही हाक?" मागोमाग आलेल्या राजाने विचारले.

"रत्नजडित झोपाळ्यासाठी," राणी मान खाली घालून पुटपुटली. "राजवाड्यानं मागे कसं राहावं, महाराज?"

मग राजाच गरजला. पण त्याच्या आवाजात हजार आयांच्या हाका होत्या. पोर भांबावून आणखी आत पळाले.

फांदीवरची साळुंकी म्हणाली, "राजा, तीन कामं कर, तिन्ही झाली की हाका परत येतील. झोपाळा परत दे. आपला वाटा सोड. आणि भर बाजारात चूक कबूल कर."

"हाक गहाण ठेवून वस्तू घ्या, असं मी कुणाला म्हटलं नव्हतं," राजा म्हणाला.

"मग पागोटी कोण बांधत होतं?"

राजाचे कान शरमेने तापले. झोपाळा गेला, वाटा सुटला. तिसरे काम जड होते. बाजारात मुकुट उतरवून तो म्हणाला, "हाव तुमची, पण तिला मान मी दिला. तुमच्या गहाणावर माझा आवाज पोसला. तोंड दाखवायची लाज वाटते."

कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. ज्याची हाव त्याला कळत होती. एका बाईने चांदीचा पाळणा आणून मायाकरापुढे ठेवला. मग सगळ्यांनीच वस्तू आणल्या. ढिगाऱ्याआड मायाकराचा धूर झाला आणि हाका आपापल्या गळ्यांत परतल्या.

"सुकेतू, घरी ये रे!" राणीने हाक मारली. पोर धावत आले नि आईला बिलगले.

राजाचा आवाज मात्र इतका बारीक झाला, की सज्ज्यातून बोललेले खाली पोहोचेना. अजूनही काही सांगायचे असले की राजा पायऱ्या उतरतो, लोकांच्या ओसरीवर बसतो आणि आधी त्यांचे ऐकून घेतो.