व्हिल्यासेर्नाचे सिंह

स्पेनच्या डोंगराळ मुलखात व्हिल्यासेर्ना नावाचे गाव आहे. तिथे प्रत्येक दारावर राजघराण्याचा दगडी सिंह आहे. लोहाराच्या दारावर आहे, तसा मेंढ्यांच्या गोठ्यावरही. गावातले म्हातारे एउसेबियो पाहुण्यांना त्याची हकीकत सांगतात.

फार पूर्वी इथला राजा आल्वारो लढाईत पडला. राणी ब्रियान्दा लहानग्या तेल्योला घेऊन या गावी आश्रयाला आली. राजाचा भाऊ नुन्यो मागावर होता. राजपुत्र हाती आला की त्याच्या नावाने राज्य आपणच करायचे, हा त्याचा बेत. आणि अशा पोरक्या राजपुत्रांचे पुढे काय होते, हे राणीला ठाऊक होते.

नुन्यो स्वार घेऊन आला, तेव्हा गावच्या बायकांनी तेल्योच्या वयाची सगळी पोरे चौकात आणून उभी केली. अंगावर सारखेच जाडेभरडे लोकरीचे कपडे. नुन्योने पुतण्याला पाळण्यात पाहिले होते, ते शेवटचे.

"यातला राजपुत्र कोणता?" त्याने विचारले.

"हाच राजपुत्र," प्रत्येक आई आपापल्या पोराकडे बोट दाखवून म्हणाली.

नुन्यो पोरांजवळ उभ्या असलेल्या राणीचे डोळे न्याहाळू लागला. राणीने नजर जमिनीवरून हलवली नाही. पोटच्या पोराकडे एकदा जरी पाहिले, तरी सगळे संपले असते. इतक्यात एक घोडा फुरफुरला. जवळ उभा असलेला एक मुलगा दचकला आणि राणीच्या झग्याला बिलगला. तो गाडे बनवणाऱ्या सुताराचा मुलगा होता.

"सापडला," नुन्यो म्हणाला.

हा माझा नव्हे, असे म्हणावे तर तेल्यो जाणार. गप्प राहावे तर दुसरीची कूस ओस पडणार. तिने तोंड उघडले. पण मुलाची आई खिमेना पुढे झाली.

"राणीसाहेब," ती म्हणाली, "त्याला गरम काही घाला. घाटात थंडी फार असते."

राणीने अंगावरची शाल काढून मुलाला गुंडाळली. स्वार त्याला घेऊन गेले.

त्यानंतर राणी गावातच, खिमेनाच्या घरी राहिली. नुन्योचे हेर फिरत असत, म्हणून तिने तेल्योला चारचौघांत कधी जवळ घेतले नाही. तो दुसऱ्याच्या घरी, मेंढ्यांमागे वाढला. घाटात टापा वाजल्या की दोघी आया दाराशी येऊन उभ्या राहत. खिमेनाला मुलाची खबर हवी असे, राणीला तीच नको असे, वाईट असेल या भीतीने.

नुन्यो निपुत्रिक मेला आणि सुताराचा मुलगा राजा झाला. मग तो गावी आला, खिमेनाच्या पाया पडला आणि राणीला म्हणाला, "माझ्या डोक्यावर तुमच्या मुलाचा मुकुट आहे. मुलगा कोणत्या घरी आहे, सांगा. त्याचा त्याला परत देतो."

राणीने विचार केला म्हणे. मुकुट म्हणजे पुन्हा मागावरचे स्वार, पुन्हा कोणाची तरी कूस.

"तो सुखाने झोपतो," ती म्हणाली. "त्याला झोपू दे."

राजाने फार आग्रह केला नाही. जाण्यापूर्वी त्याने गावातल्या प्रत्येक दारावर सिंह कोरवला.

आजही व्हिल्यासेर्नात नवे घर उभे राहिले की आधी सिंह बसतो, मग दार. आणि राजाचे रक्त कोणत्या घरात आहे, असे पाहुण्यांनी विचारले, तर एउसेबियो म्हणतात, "आम्ही विचारत नाही."