पिंपातलं पाणी

"पण यात चूक कुठंय, सर?"

"तेच शोधतोय." मुजावर सरांनी जर्नलचं पान पुन्हा उलटलं. "एकही सापडत नाही."

"मग सही?"

"म्हणूनच नाही."

केतकी ऐनापुरेनं पुढं वाकून वहीत पाहिलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात ती कॉलेजात पहिली होती, आणि याची तिला कुणी आठवण करून द्यावी लागत नसे, कारण ती स्वतःच विसरत नसे. उद्या सोमवार, जर्नल जमा करायचा शेवटचा दिवस. सही नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. म्हणून रविवारी सकाळी सातलाच ती गणिताच्या सरांच्या दारात उभी राहिली होती.

प्रयोग साधा होता. नळाखाली पिंप ठेवायचं, दर मिनिटाला पाण्याची उंची मोजायची, आलेख काढायचा आणि त्याच्या उतारावरून पाणी चढण्याचा वेग सांगायचा. केतकीच्या वहीत पाणी दर मिनिटाला बरोबर दोन सेंटीमीटर चढलं होतं. दोन, चार, सहा, आठ... आठही बिंदू सुतात.

"मी कुणाची वही उतरवली नाही, सर."

"ठाऊक आहे."

"बाकीच्यांनी सीनियरची उतरवली. मी सूत्रावरून काढली रीडिंगं. उत्तर आधी, रीडिंग मागून. सगळेच तसं करतात, फक्त मी नीट केलं."

"फार नीट केलंस." सर हसले. "पाणी कुठं होतं?"

सर उठले. अंगणात नळाला नुकतंच पाणी आलं होतं. त्यांनी निळं पिंप नळाखाली सरकवलं, आत पट्टी उभी केली आणि मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. मग हात पुढे केला.

"खोडरबर दे."

तिनं कंपासपेटीतून काढून दिला. सरांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि चहा ठेवायला आत गेले.

पहिल्या मिनिटाला दोन पूर्णांक एक. केतकीच्या कपाळाला आठी पडली. मग चार पूर्णांक चार, सहा पूर्णांक दोन, आठ पूर्णांक चार. पट्टीवर पाणी हलत होतं, एका जागी ठरतच नव्हतं. ती पिंपावर इतकी वाकली की वेणीचं टोक पाण्यात भिजलं. खरं सांगायचं तर तिला मजा येऊ लागली होती. कुणी विचारलं असतं तर तिनं साफ नाकारलं असतं.

तेवढ्यात धार एकदम बारीक झाली.

"सर! पाणी गेलं!"

कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या भिसेकाकूंचं डोकं वर आलं. "गेलं न्हाई गं बाई. मी भांडी घासायला नळ सोडलाय. एकाच पायपावर हाय न्हवं आपलं. थांबवू का?"

केतकी तोंड उघडणार, तोच सर चहाचे कप घेऊन बाहेर आले.

"नको नको, काकू. घासा तुम्ही."

पाचव्या मिनिटाला नऊ पूर्णांक सात. सहाव्याला दहा पूर्णांक सात. मग पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला आणि धार पुन्हा जोरात आली.

आठ रीडिंगं झाली. केतकीनं पेन्सिल खाली ठेवली.

"मधली दोन काढून टाकते, सर. ती काकूंमुळं बिघडली."

सरांनी चहाचा घोट घेतला.

"काकू नव्हत्या का?"

"होत्या की. पण..."

तिचा हात खोडरबरासाठी कंपासपेटीकडे गेला आणि रिकामाच परत आला. मग तिनं मुकाट्यानं आठही बिंदू मांडले. अंगणातल्या दगडावर बसून बेरजा केल्या, उतार काढला, सगळ्या बिंदूंत मिळून बसेल अशी एक रेषा आखली. चहा निवून गेला.

रेषा आखून झाल्यावर ती वहीकडे बघत राहिली. तोंड एवढंसं झालं होतं.

"सर..."

"बोल."

"एकही बिंदू रेषेवर नाही. आठातला एकसुद्धा."

सरांनी वही ओढून घेतली. पान उजेडात धरून रेषेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू कुणी घरचीच सोयरीक जमवून आणली होती. मग खिशातून पेन काढून त्यांनी खाली ठसठशीत सही केली.

"पण सर, एकातूनही जात नाही ती."

"असू दे," मुजावर सर म्हणाले. "सगळ्यांना धरून आहे. काकूंनासुद्धा."