साळू बुरडिणीचे हात

फार वर्षांपूर्वी, हिवरतळच्या चावडीवर अजून कौलंसुद्धा चढली नव्हती, तेव्हाची ही हकिगत. गावाच्या तोंडाशी एक वड होता. तो गावाच्याही आधीचा, असं म्हणतात. त्याच्याखाली साळू बुरडीण सुपं-टोपल्या विणत बसायची. बाई एकटी; हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ. गावात तिला कुणी उंबऱ्याच्या आत घेत नसे, पण वडाची सावली कुणाला जात विचारत नव्हती. तिथं पाटलांचे बैल, दमलेले वाटसरू आणि साळू शेजारी-शेजारी बसत. आपण या गावच्या आहोत असं तिला वाटावं, अशी तेवढी एकच जागा होती.

एका वर्षी वड कलला. बुंधा आतून पोकळ झालेला, आणि सगळा भार विहिरीच्या अंगाला. मल्हारजी पाटलांनी चावडीत सांगून टाकलं, की यंदाची जत्रा झाली की वड तोडायचा. विहिरीवर पडला तर गावानं प्यायचं काय? पाटील दुष्ट नव्हते, त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण ऐकून साळूच्या हातातलं सूप अर्धंच राहिलं.

ती दिवसभर वडाकडे बघत बसली. एवढा जुना वड आणि जमिनीला टेकलेली एक पारंबी नाही, असं कसं? मग तिच्या ध्यानात आलं. भैरोबाची सासनकाठी, चांगली पंचवीस हात उंच, दर जत्रेला वडाखालून मिरवत जायची. ती अडकू नये म्हणून गुरव आदल्या दिवशी कोयत्यानं साऱ्या पारंब्या छाटायचा. पिढ्यान् पिढ्या हेच चाललेलं. भक्तीच्या भरात गावानं झाडाचे पाय कापले होते. आणि त्या काठीला बांबू देत होतं कोण? साळूचंच घराणं. तिला रडू फुटलं. मग पदरानं डोळे पुसून ती तडक चावडीवर गेली.

"पाटील, मला तीन पावसाळं द्या. वड म्या सावरते. न्हाई सावरला तर गाव सोडून जाते. पर पारंब्यांना कोयता लावायचा न्हाई."

"मग काठी कशी जायची?" पाटलांनी विचारलं.

"आडवी करून."

गुरव खवळला. "देवाची काठी आडवी? देव कोपंल."

"काठीचा बांबू रानातनं म्याच आणते, गुरवबाबा. खांद्यावर आडवाच आणते. तवा तर देव कधी रुसला न्हाई."

चावडी हसली. पाटीलही मिशीतल्या मिशीत हसले आणि तीन पावसाळे देऊन मोकळे झाले.

साळूनं जाडजूड बांबू आणले, आतले पडदे फोडून त्यांच्या नळ्या केल्या, नळ्यांत शेणमाती भरली. कललेल्या अंगाला एकेक पारंबी एकेका नळीत घातली आणि नळीचं बूड जमिनीत रोवलं. रोज घागरी वाहून ती नळ्यांना पाणी घालायची. बायका म्हणायच्या, "साळूनं वडाला इजारी घातल्या बघा." पहिल्या वर्षी चार पारंब्या कुजल्या, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. पुन्हा नवे बांबू आणले. मग मात्र पारंब्या तिचा आवाज ओळखायला लागल्या, असं म्हणतात. ती सूप विणायला बसली, की सूप संपेतो पारंबी बोटभर खाली आलेली असायची.

मुदत संपली त्या चैत्रात जत्रा भरली. भर दुपारी पालखी वडाखाली आली, काठी आडवी धरलेली, सगळा गाव सावलीत. तेवढ्यात वळवाचं वादळ उठलं. मोठा आवाज झाला आणि तो पोकळ बुंधा मोडून बाजूला कोसळला. माणसं जमिनीला चिकटली. साळू तेवढी उभी होती.

धूळ बसली तेव्हा लोकांनी वर पाहिलं. बुंधा पडला होता आणि वड उभा होता. साळूचे एकवीस बांबू तडातड उकलले, आणि प्रत्येकातून माणसाच्या मांडीएवढी जाड पारंबी बाहेर आली, जमिनीत घट्ट रुतलेली. असं म्हणतात, की क्षणभर त्या जागी लोकांना हात दिसले. विणून विणून घट्टे पडलेले एकवीस हात, अख्खा वड तोलून धरणारे. विहिरीत पानसुद्धा पडलं नव्हतं.

पाटलांनी पागोटं काढलं. "साळूबाई, वड तुझा."

"माझा कशाला? समद्यांचा हाय. बसा आता, सावली मस्त हाय," साळू म्हणाली.

तिच्या शेजारी पहिला बसला तो गुरव.

आजही हिवरतळात जत्रेच्या दिवशी काठी वडाखालून आडवीच जाते. मातीनं भरलेला नवा बांबू पाटलांच्या घरचा माणूस खांद्यावरून आणतो, आणि बुरडांच्या घरची लेक तो नव्या पारंबीला बांधते. मग सारा गाव एका पंगतीत वडाखाली जेवतो. कुणाचं पान कुठं, हे कुणी विचारत नाही.

मागं सरकारी साहेब आले होते, पुरातन झाडांची नोंद करायला. टेप काढून म्हणाले, "मूळ बुंधा कुठला?" आताच्या पाटलांच्या घरच्या म्हाताऱ्या सुनेनं सांगितलं, "त्यो कवाच पडला, सायेब. हे समदे साळूचे हात हायेत. तेच मोजा." साहेबांनी संध्याकाळपर्यंत मोजलं आणि पाटीवर रंगवून घेतलं: एकशे बारा. पण त्या पाटीचा गावाला भारी ताप झालाय. दर वर्षा-दोन वर्षांनी आकडा खोडून वाढवून लिहावा लागतो.