दारापाशची मोकळी जागा

"सगळ्यांना पोटभर दिलं, महाराज. तरी ते थांबलंच कसं?"

भैरवगिरी महाराज धुनीत लाकूड सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय थांबलं?"

"मोठं मशीन."

विचारणारा यशोधन. तालुक्याच्या एका दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायचा. पोरगा हुशार, यात वाद नाही. पण ते स्वतःच्या तोंडानं सांगायची त्याला भारी हौस. एकाच मोठ्या मशीनच्या पोटात त्यानं बरीच आभासी मशीनं वसवली होती. कुणी केसपेपर बघायचं, कुणी औषधांचा साठा, एक रक्तपेढी सांभाळायचं. चालायला प्रत्येकाला मेमरी लागायची, आणि ती त्या मोठ्या मशीनकडूनच यायची.

"बाकीचे लोक मागेल तशी देतात," यशोधन म्हणाला. "गरज सरली की काढून घेतात. मी तसला कंजूषपणा केला नाही. चालू होतानाच ज्याचा त्याचा वाटा पुरा दिला, वर कुलूप घातलं. कुणी कुणाला हलवायचंच नाही."

"मग?"

"मग... सगळंच गपगार. रक्तपेढीसुद्धा. एका बाळंतिणीला रक्त हवं होतं. कुठल्या गटाची पिशवी कुठे ठेवलीय, ते सांगणारं मशीनच बंद."

"वाचली का ती?"

"वाचली. थोडक्यात... उद्या पुन्हा चालू करायचंय. मला भीती वाटते हो."



डोंगरावरच्या मठाभोवती धुकं असं उतरलं होतं, की दुपार आहे की सकाळ तेच कळेना. भंडाऱ्याची पंगत नुकतीच उठली होती. जेवलेली माणसं जागच्या जागी पेंगत होती. कुणी बोलायला लागलं, तर बोलणं अर्ध्यातच विरून जायचं.

"आत सगळ्यांना आडवं व्हायला जागा करून दे," महाराज म्हणाले. "मी झऱ्यावरून पाणी घेऊन येतो."

यशोधनने भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या अंथरल्या. खोकणाऱ्या एका आजींना कोपरा दिला. प्रत्येकाला बजावलं, "ही जागा तुमची. पक्की. हलायचं नाही."

दाराच्या आतल्या बाजूला सतरंजीभर जमीन नेहमी उघडी असायची. मठाची रीतच होती तशी. यशोधनला ते काही पटेना.

"एवढी जागा उगाच वाया!"

तिथे त्यानं एका जाडजूड हलवायाला निजवलं आणि धुकं आत नको म्हणून दार लावून घेतलं. स्वतः मधे आडवा झाला. हळूहळू सगळी खोली एका लयीत श्वास घेऊ लागली. त्यालाही गुंगी आली...

आजींना ठसका लागला. "पाणी..."

दारावर थाप पडली. "उघडा रे."

दार आत उघडणारं. त्याला हलवायाची पाठ टेकलेली.

"शेठ, जरा सरका."

"का म्हणून? पक्की म्हणालास ना?"

"अहो, बाहेर महाराज आहेत! पाणी त्यांच्याकडे आहे!"

"मग शेजारच्याला सरकव."

"मी नाही बुवा," शेजारचा डोळे न उघडता म्हणाला.

सरकायला जागाच कुठे होती? आजींचा चेहरा लालबुंद झाला. यशोधनने दार ओढून बघितलं; ते हलेना. त्या दिवशी दवाखान्यातही सगळं असंच अडलं होतं.

"महाराज, आत या हो!" तो रडकुंडीला येऊन ओरडला.

धुक्यातून, फार लांबून आल्यासारखा आवाज आला.

"माझ्यासाठी जागा कुठे ठेवलीयस?"

...

यशोधनने आपली सतरंजी गुंडाळली. हलवायाला धरून त्या रिकाम्या झालेल्या जागेवर ओढलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या. दार उघडलं. महाराज पाय जपत जपत आजींपर्यंत गेले, त्यांना घोट घोट पाणी पाजलं, आणि परत येऊन दारापाशच्या उघड्या जमिनीवर बसले.

खोली पुन्हा पेंगू लागली.

"मोठ्या मशीनला स्वतःला चालायला म्हणून मी मेमरी ठेवलीच नव्हती," यशोधन पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले होते. "उद्या सगळी कुलपं काढतो, महाराज. रक्तपेढीचंसुद्धा. कुणालाच पक्कं काही नको."

महाराजांनी कोपऱ्याकडे बघितलं. आजींना आपल्या पक्क्या जागेवर शांत डोळा लागला होता.

"दार उघडायला त्यांना कुणी हलवलं का रे?"